सोसायटीत एकच सभासद

घाटकोपरच्या रुळांमध्ये वावरणाऱ्या उंदराने किंवा मुलुंडच्या नाल्याकाठच्या गलेलठ्ठ घुशीने ह्याला भाऊबंद म्हणून ओळखलेच नसते. भारतीय जर्बिल शहराचा नव्हे, शेताच्या बांधाचा आणि माळरानाचा. अंगावर वाळूच्या रंगाची मऊ लव, पोट पांढरे, डोळे टपोरे, शेपूट धडापेक्षा लांब आणि तिच्या टोकाला काळा गोंडा. दिवसभर बिळात. बिळाला दारे अनेक. त्यातली काही सैल मातीने बुजवलेली, म्हणजे प्रसंग पडला की डोक्याने ढकलून पसार! घाबरला की लांबलांब उड्या घेतो. इंग्रजांना त्यात हरीण दिसले.

ह्या उड्यांनीच त्याच्या कुळाचा पहिला घोळ घातला. बनारस आणि हरद्वार ह्यांच्या दरम्यान सापडलेल्या ह्या प्राण्याचे वर्णन थॉमस हार्डविक ह्या लष्करी अधिकाऱ्याने १८०७ साली छापले आणि त्याला थेट जर्बोआंत नेऊन बसवले. जर्बोआ हे वाळवंटातले, दोन पायांवर उडणारे. नात्याने फार लांबचे. पुढे कवटी आणि दात पाहणारे आले. वरच्या पुढच्या प्रत्येक दातावर उभी खाच, कानामागचे हाड फुगीर. १८८२ साली प्राणिशास्त्रज्ञ लातास्तने 'टाटेरा' ही प्रजाती मांडली. पण कुळ कोणते? बराच काळ हॅमस्टरांचे. काहींच्या मते जर्बिलांचे स्वतंत्र. आता डीएनए वाचणाऱ्यांनी त्यांना घरउंदरांच्याच म्युरिडी कुळात एक उपकुळ म्हणून घेतले आहे, आणि सर्वांत जवळचे नातलग निघाले ते आफ्रिका-अरबस्तानाकडचे काटेरी केसांचे उंदीर. रूप पाहून सोयरिक जुळवणाऱ्यांची चांगलीच जिरली.

खरी गंमत पुढेच. टाटेरात पूर्वी आफ्रिकेतल्या बऱ्याच जाती होत्या. बारकाईने पाहता त्यांचे गोत वेगळे ठरले आणि त्या सगळ्या 'गर्बिलिस्कस'मध्ये गेल्या. पुनर्विकासात सगळे शेजारी दुसऱ्या इमारतीत जावेत आणि जुन्या सोसायटीच्या पाटीवर एकच नाव उरावे, तसे झाले. सीरियापासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला हा प्राणी आपल्या प्रजातीत आज एकटा आहे. जागा मात्र त्याने तसूभरही बदललेली नाही.

मला ह्या फेरफारांचे कौतुक वाटते ते त्यामागच्या कष्टांमुळे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) १९११ साली सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले, ते खानदेशातून. एकेक कातडे, एकेक कवटी, प्रत्येकाला गाव-तारखेची चिठ्ठी. अशा चिठ्ठ्या नसत्या तर आजच्या वंशवृक्षाला मुळेच नसती.

आणि हा जर्बिल काही अगदी गरीब गाय नव्हे. १८९६च्या मुंबईतल्या प्लेगात दोषी ठरले ते घरांतले आणि गटारांतले उंदीर. पण दक्षिण भारतात रानातला प्लेग जिवंत ठेवणाऱ्यांत ह्याचे नाव येते. म्हणून उंदीर पकडला की तो नेमका कोणता, हे प्लेगच्या तपासनिसाला आधी ठरवावे लागते.