उलटी छत्री

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला एक प्रदक्षिणा पुरी करण्यास पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला तो आकाशात खिळा ठोकून ठेवल्यासारखा एकाच जागी भासतो. या कक्षेस भूस्थिर कक्षा म्हणतात, आणि तीत तीन उपग्रह ठेवले की साऱ्या जगाला प्रक्षेपण पुरवता येईल, असे आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात मांडले होते. क्लार्क यांच्या आराखड्यात जगाचा वसलेला भाग कुठेच अंधारात राहत नव्हता. प्रत्यक्षात मात्र उपग्रह पाठवणाऱ्यांना जग नको होते, गिऱ्हाईक हवे होते; म्हणून अमेरिकेच्या दूरचित्रवाणी उपग्रहांच्या अँटेना अशा घडवल्या गेल्या की त्यांतून निघणाऱ्या लहरींचा झोत शक्यतो अमेरिकेच्याच भूमीवर पडावा. जमिनीवर जिथवर हा झोत पोहोचतो त्या क्षेत्राला तंत्रज्ञ उपग्रहाची पाऊलखूण म्हणतात. परंतु ओसरीवर टांगलेल्या कंदिलाचा उजेड जसा पायरीपाशी थबकत नाही, अंगणात सांडत सांडत कुंपणापाशी विरतो, तसा हा झोतही फ्लोरिडाचा किनारा ओलांडून समुद्रावर सांडतो आणि जमैका, पोर्तो रिको, डॉमिनिका, बार्बाडोस असा आग्नेयेकडे क्षीण होत जातो. कॅरिबियन बेटांवर राहून अमेरिकेची दूरचित्रवाणी पाहणे म्हणजे या सांडलेल्या उजेडात बसणे होय.

हा उजेड मुळातच मंद असतो. १९७५ नंतरच्या दशकात अमेरिकेतील केबल वाहिन्या वाहून नेणाऱ्या उपग्रहांवरील एकेका प्रक्षेपकाची शक्ती दहा वॅटच्या आतबाहेर, म्हणजे देवघरातल्या छोट्या बल्बइतकी असे, आणि तेवढ्या बळावर त्याला छत्तीस हजार किलोमीटर अंतर कापायचे असे. जिथे झोत विरळ, तिथे तो गोळा करणारे भांडे मोठे हवे, हा साधा हिशेब आहे. त्यामुळे अमेरिकेतील शेतकऱ्याच्या परसात दहा फूट व्यासाच्या डिशने भागत असताना बेटांवर अनेकदा सोळा-सोळा, वीस-वीस फुटांच्या जाळीदार डिश उभ्या राहिल्या. महाराष्ट्राच्या खेड्यांत डिश अँटेनाला लोक सरळ छत्री म्हणतात. शब्द चपखल आहे, फक्त ही छत्री उलटी धरलेली असते: वरून येणारे अडवायचे नाही, झेलायचे. आत पडणारी प्रत्येक लहर तिच्या वक्राकार पृष्ठावरून परावर्तित होऊन मधोमध टांगलेल्या एका लहानशा डबीत जाते. एलएनबी या नावाने ओळखली जाणारी ही डबी त्या क्षीण लहरींचे बळ वाढवते, त्यांची वारंवारता उतरवते आणि त्या तारेवाटे घरात पाठवते.

छत्रीचे तोंड कोणीकडे आहे, यावरून बेटाचे दैव कळते. त्या काळी केबल वाहिन्यांचा एक मुख्य उपग्रह, सॅटकॉम ३-आर, १३१ अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे पॅसिफिक महासागराच्या माथ्यावर होता. जमैकाच्या किंग्स्टनमधून तो क्षितिजाच्या वर सुमारे २६ अंशांवर येई. बार्बाडोसमधून तो जेमतेम ९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर तिच्याआड झाकला जाईल इतका खाली असे. तिथली छत्री आकाशाकडे पाहत नसे. ती जवळजवळ उभी राहून, मावळतीच्या सूर्याच्या वाटेवर, समुद्राकडे टक लावून असे. पश्चिमेला एखादी टेकडी असली, शेजाऱ्याचे ब्रेडफ्रूटचे झाड वाढले, किंवा माडाच्या झावळ्या वाऱ्याने मध्ये आल्या, की चित्र गेलेच. मार्चच्या मध्याजवळ आणि सप्टेंबरच्या अखेरीस आणखी एक गंमत घडे: काही दिवस रोज काही मिनिटे सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येई आणि त्याच्या स्वतःच्या रेडिओलहरींच्या कोलाहलात उपग्रहाचा आवाज बुडून जाई. पडद्यावर अशा वेळी जे दिसते त्याला मराठीत मुंग्या म्हणतात आणि इंग्रजीत बर्फ. ज्या बेटांवर तापमान कधी गोठणबिंदूच्या आसपासही जात नाही, तिथे दिसणारा हा एवढाच बर्फ. बाकीचा शिकागो आणि डेन्व्हरच्या हवामानवृत्तात.

पुढे १९९४ साली अमेरिकेत अठरा इंची डिशवर चालणारी सेवा सुरू झाली. तिच्या लहरी केयू बँडच्या, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर तरंगलांबीच्या होत्या. जुन्या सी बँडच्या लहरी याच्या साधारण तिप्पट लांब. लहर जितकी आखूड तितकी ती पावसाच्या थेंबांत अधिक शोषली जाते, आणि कॅरिबियन पाऊस म्हणजे कोकणातल्या आषाढाचा सख्खा भाऊ. नवी छत्री आटोपशीर होती, बेटांवर तीही अठरा इंचांऐवजी तीन-चार फुटांची बसवावी लागे, परंतु सर कोसळली की ती आंधळी होई. पावसात मिटणारी छत्री बहुधा याच एका धंद्यात पाहायला मिळते.

या सांडलेल्या उजेडाने काय केले, याचे सर्वांत गोड उदाहरण बेटावरचे नाही, कॅरिबियनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलीझचे आहे. २१ सप्टेंबर १९८१ रोजी हा देश स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्याला स्वतःचे दूरचित्रवाणी केंद्र नव्हते. काही खटपटी माणसांनी डिश बसवली, शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्राचे कार्यक्रम आकाशातून उतरवले आणि छोट्या प्रक्षेपकावरून ते बेलीझ शहरात सोडून दिले. डब्ल्यूजीएन हे एका शहराचे स्थानिक केंद्र होते, परंतु १९७८ पासून ते उपग्रहावर चढल्याने देशभर दिसू लागले होते; अशा केंद्राला सुपरस्टेशन म्हणत. त्यावर शिकागो कब्ज या बेसबॉल संघाचे सामने दाखवले जात. १९०८ नंतर तोवर अजिंक्यपद न मिळालेला हा संघ हरण्यात नाव कमावून होता, आणि त्याच्या मैदानावर ऑगस्ट १९८८ पर्यंत दिवे नसल्याने घरचे सामने दुपारीच होत. शिकागोत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केली जातात, बेलीझमध्ये नाही. म्हणून शिकागोतला सव्वा वाजताच्या सुमाराचा सामना बेलीझमध्ये बरोबर जेवणाच्या वेळी सुरू होई. ताटात भात आणि घेवडा, पंख्याची घरघर, आणि पडद्यावर जाड भिंगांचा चष्मा लावलेले समालोचक हॅरी केरी, जे सातव्या डावाच्या विश्रांतीत खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून सगळ्या मैदानाकडून गाणे म्हणवून घेत. अशा रीतीने, जिथे बहुतेक जण कधी गेले नव्हते अशा एका थंड शहराच्या हरणाऱ्या संघासाठी एक उष्ण देश हळहळू लागला. या प्रेमात शिकागोचा काडीचाही हात नव्हता.

प्रसारमाध्यमांचे अभ्यासक या प्रकाराला सांस्कृतिक साम्राज्यवाद म्हणतात, म्हणजे बलाढ्य देशाने आपली करमणूक दुबळ्या देशावर लादून त्याची आवडनिवड बदलणे. वेस्ट इंडीजच्या क्रिकेटची घसरण सुरू झाली तेव्हा पोरे बास्केटबॉल पाहून बिघडली, असा ठपका या छत्र्यांवर ठेवला गेला. १९७१ साली वाडेकरांच्या भारतीय संघाने तिथे मालिका जिंकली, तेव्हा कोणाच्याही छपरावर डिश नव्हती, हे मराठी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. आरोपात तथ्याचा अंश असेलही, परंतु लादणे हा शब्द इथे नीट बसत नाही. आक्रमकाला निदान आपण कोणावर चाल करून जात आहोत हे ठाऊक असते. इथे तर धाडणाऱ्याचा प्रयत्न बेटांपर्यंत न पोहोचण्याचा होता, आणि पोहोचल्यावर दार लावून घेण्याचा.

१९८३ च्या ज्या अमेरिकन कायद्याने कॅरिबियन देशांच्या मालाला जकातमाफी देऊ केली, त्यातच अशी अट घातली गेली की एखाद्या देशाच्या सरकारी मालकीचे केंद्र अमेरिकन चित्रपट वा कार्यक्रम हक्कधारकांच्या संमतीविना दाखवत असेल, तर त्या देशाला सवलत मिळू नये. १५ जानेवारी १९८६ पासून एचबीओने आपले प्रक्षेपण संकेतबद्ध केले, म्हणजे चित्र मुद्दाम विस्कटून पाठवले आणि ते जुळवणारे यंत्र केवळ वर्गणीदाराला दिले. इतर वाहिन्या मागोमाग आल्या. त्यानंतर बेटावरच्या माणसाची अडचण अशी झाली की त्याची पैसे मोजायची तयारी होती, आणि ते घ्यायला कोणी तयार नव्हते, कारण कार्यक्रमांचे हक्क देशागणिक विकले जातात आणि अमेरिकेतील कंपनीला केवळ अमेरिकेतच विकण्याचा परवाना असतो. मग ब्रुकलिनच्या मावशीचा किंवा मायामीच्या चुलतभावाचा पत्ता कामी येई. वर्गणी तिकडे भरली जाई, कार्ड सामानातून इकडे येई, आणि कागदोपत्री मायामीत नांदणारा एक दिवाणखाना प्रत्यक्षात समुद्रापलीकडे, मिठाने गंजत चाललेल्या खांबाखाली असे.

अमेरिकेच्या पडद्यावर बेटाचे नाव वर्षाचे बहुतेक महिने उच्चारले जात नाही. ते येते जूननंतर, वादळांच्या हंगामात. आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून निघालेले चक्रीवादळ अटलांटिक ओलांडू लागले की हवामानाच्या वाहिनीवर नकाशा झळकतो आणि त्यावर वादळाच्या संभाव्य वाटेचा पसरट शंकू काढलेला असतो. त्याचे रुंद टोक फ्लोरिडावर असते आणि निमुळत्या टोकाशी बारीक अक्षरांत बेटाचे नाव. ज्याला आजवर कोणी पाहिले नाही तो प्रेक्षक अशा वेळी स्वतःला पाहतो, परंतु वाटेतला एक थांबा म्हणून. १२ सप्टेंबर १९८८ रोजी गिल्बर्ट हे चक्रीवादळ जमैकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुसत गेले, आणि त्यावर लव्हिंडियर यांनी रचलेल्या ‘वाइल्ड गिल्बर्ट’ या गाण्यात छपरांबरोबरच उडून गेलेल्या डिशचीही थट्टा आहे. वीस फुटांची छत्री वाऱ्याला शिडासारखीच वाटते.

म्हणून जाणती माणसे ती आधीच उतरवतात. पडद्यावर फ्लोरिडाच्या कोरड्या वाळूत रेनकोट चढवलेला वार्ताहर तीन दिवसांनी येणाऱ्या पावसाविषयी बोलत असतो, तेवढ्यात बाहेर कोणीतरी पाना घेऊन शिडीवर चढते. बोल्ट सैल करण्यापूर्वी खांब आणि त्यावरची कडी यांच्यावरून लाल रंगाची एक उभी रेघ ओढते, म्हणजे पुन्हा बसवताना कोन चुकू नये, आणि मग घरात मुंग्या पसरतात. वादळ निघून जाते, वीज काही आठवड्यांनी येते, रेघेला रेघ जुळवून छत्री पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून उभी राहते. चित्र येते. तोवर हंगामातल्या पुढच्या वादळाचा नकाशा लागलेला असतो. या खेपेला वाट मेक्सिकोच्या आखातातली असल्याने तो अधिक जवळून दाखवलेला असतो, आणि त्याची उजवी कड क्यूबापाशीच संपलेली असते. शिडीवरचा माणूस खिडकीतून विचारतो, दिसते का नीट. आतून उत्तर येते, दिसते, आणि तो शेवटचा बोल्ट आवळतो.