कळा गेली

आमच्या व्यवसायात ‘फेलो’ या शब्दाला थोडा सुखासीन वास आहे. अधिछात्रवृत्ती मिळालेला मनुष्य ग्रंथालयातील खिडकीजवळची जागा धरतो, दोन वर्षे टिपणे काढतो आणि तिसऱ्या वर्षी मुदतवाढ मागतो. त्यामुळे आमच्या भाच्याने आधी एम.बी.बी.एस., मग बालरोगशास्त्रातील एम.डी. पूर्ण करून पुन्हा मुंबईच्या एका रुग्णालयात ‘फेलोशिप’ घेतली, तेव्हा चितेगावला ताईच्या घरी जमलेल्या मंडळींना हा मुलगा आता आणखी काही काळ वाचत बसणार, असेच वाटले. पैठण रस्त्यावरच्या या गावात पुष्कळ घरांचे घड्याळ कारखान्याच्या पाळीप्रमाणे चालते. तिशी ओलांडलेला डॉक्टर अजून ‘शिकतो’ आहे, हे तेथे कोणाला समजावून सांगणे सोपे नव्हते. आम्हालाही ते प्रथम समजले नाही. समजले ते त्याची वही हाती आल्यावर.

तो शिकत होता ते तातडीचे बालवैद्यक. ही शाखा तशी तरुण आहे. अमेरिकेत अशा प्रशिक्षणाला १९८०च्या सुमारास आरंभ झाला, आणि बालरोग व आपत्कालीन वैद्यक या दोन मंडळांनी मिळून तिची पहिली परीक्षा घेतली ती १९९२ साली. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यकातील एम.डी.लाच मान्यता मिळाली २००९मध्ये. तेव्हा त्यातील मुलांचा वेगळा विचार आणखी मागे राहिला, यात नवल नाही. आजही अनेक ठिकाणी ट्रकखाली सापडलेला मनुष्य आणि धाप लागलेले तान्हे मूल एकाच दारातून, एकाच डॉक्टरापुढे येतात. सात किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते ते अर्ध्या लिटरहून थोडेसे अधिक. मोठ्या माणसाला किरकोळ वाटेल एवढा स्राव त्याला पुरत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एक त्रिकोण होता. त्याच्या तीन बाजू म्हणजे मुलाची चर्या, त्याचा श्वास आणि त्याच्या त्वचेचा रंग. मूल दारातून आत येत असताना, त्याला हात न लावता, स्टेथोस्कोप गळ्यातच ठेवून, अर्ध्या मिनिटात या तिन्ही गोष्टी पाहायच्या. मूल आईकडे पाहते आहे की कोठेच पाहत नाही? कडेवर घेतल्यावर शांत होते का? रडण्यात जोर आहे की नुसते कण्हणे आहे? नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली खळगा पडतो का? ओठ फिके आहेत, की अंगावर संगमरवरासारखी नक्षी उठली आहे? रोगाचे नाव मागाहून. आधी एवढेच ठरवायचे की हे मूल थांबू शकते की नाही. संहितेवर कोणताही सिद्धान्त लादण्यापूर्वी ती नीट वाचा, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. पण आमच्या वाचनात तासाभराचा उशीर झाला तर कोणाचे काही बिघडत नाही.

मुलाचे शरीर, भाच्याच्या शब्दांत, ‘शेवटपर्यंत खोटे बोलते’. अंगातले पाणी कमी झाले की हृदय वेग वाढवते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब बराच वेळ ठीक राहतो. मग तो एकदम कोसळतो. वर्ष ते दहा वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब सत्तर अधिक वयाची दुप्पट या आकड्याखाली जाऊ नये, असा नियम आहे. परंतु तो खाली जाण्याची वाट पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो. म्हणून बोटाने त्वचा दाबायची आणि पांढरा पडलेला ठिपका पुन्हा लाल व्हायला दोन सेकंदांहून अधिक लागतात का, ते मोजायचे. याला यंत्र लागत नाही. सवय मात्र लागते, आणि फेलोशिपचा बराचसा काळ सवय लावण्यातच जातो.

उरलेला काळ तालमीत. रबरी बाहुले खाटेवर असते. त्याचे हृदय प्रशिक्षक संगणकावरून थांबवतो. एकाने औषध सांगायचे, दुसऱ्याने मात्रेसह मोठ्याने परत म्हणायचे, दिल्यावर ‘दिले’ म्हणायचे. नाटकाच्या तालमीत हे आम्हाला पोरकट वाटले असते. येथे ते अपरिहार्य आहे, कारण मुलांची प्रत्येक मात्रा वजनावर ठरते आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की औषध दसपट होते. वजन करायला सवड नसते तेव्हा मुलाच्या लांबीवरून ते काढण्यासाठी जेम्स ब्रोसेलो या अमेरिकी डॉक्टराने १९८०च्या दशकात एक रंगीत पट्टी तयार केली. मुलाशेजारी ती पसरायची, टाच ज्या रंगावर येईल त्या रंगाची मात्रा. मौज अशी, की भारतीय मुलांवरील अभ्यासांत ही पट्टी थोड्या मोठ्या मुलांचे वजन वाढवून सांगते असे दिसले. आपली मुले लांबीच्या मानाने हलकी! परक्या मापाने आपले वाङ्मय मोजण्याबद्दल आम्ही पुष्कळ भांडलो आहोत. हा मुद्दा इतक्या सरळपणे मांडणे आम्हाला कधी जमले नव्हते.

भाचा सुटीत चितेगावला आला की तालमीतल्या आईची चेष्टा करी. तिचे काम करणारी सहकारी ‘माझ्या बाळाला कालपासून अतिसार होत आहे’ असे शुद्ध बोले. ताईच्या शेजारी असे कोणी बोलत नाही. तेथे लेकरू ‘मान टाकतं’, ‘निपचित पडतं’, त्याची ‘टाळू बसते’, ‘पोट उडतं’, ते ‘दूध ओढत नाही’, त्याने ‘डोळे फिरवले’ असे सांगतात. यातला प्रत्येक शब्द त्रिकोणाच्या कोणत्या ना कोणत्या बाजूवर बसतो. आणि ‘डोळे फिरवले’ म्हणजे झटका आला की ग्लानी, हे पुढच्या दोन प्रश्नांवर ठरते. भाच्याने हे शब्द टिपायला घेतले आणि मामा भाषेचा मास्तर म्हणून यादी आमच्याकडे येऊ लागली.

या यादीमागे एक घटना आहे. ताईच्या गल्लीतले सात महिन्यांचे मूल पावसाळ्यात दोन दिवस जुलाबाने बेजार होते. जवळच्या एका दवाखान्यात आईने सांगितले, ‘आता रडत नाही हो.’ उतार पडला असे समजून पुडी देऊन परत पाठवले. रात्री उशिरा ‘१०८’ला फोन झाला. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, आणि त्या रात्री ती आलीही वेळेवर. चितेगावापासून संभाजीनगरची घाटी, म्हणजे शासकीय रुग्णालय, फार लांब नाही. मूल तेथे पोहोचले तेव्हा शीर सापडत नव्हती. ‘शीर नाही मिळाली तर नडगीच्या हाडातून सलाइन देता येते,’ भाचा नंतर म्हणाला, ‘पण मामा, ते सकाळी करायचं होतं. आणि सकाळी हाडाचीही गरज नव्हती. चमच्यानं जलसंजीवनी पाजली असती तरी पुरलं असतं.’ त्या आईने जे सांगितले ते अचूक होते. ऐकणाऱ्याने त्याचा उलटा अर्थ लावला.

म्हणून महानगरातल्या काचेच्या दालनात तयार होणारे हे तज्ज्ञ तेथेच राहणार असतील, तर या शिक्षणाचे काम निम्मेच झाले, असे आमचे मत आहे. भाच्याचे मत इतके सोपे नाही. तो विचारतो, चितेगावात व्हेंटिलेटर नाही, रात्रीची परिचारिका नाही, मग एकट्या फेलोने काय करायचे? प्रश्न बरोबर आहे. पण उत्तरेही महाराष्ट्रातच आहेत. मराठवाड्यातूनच गेलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड भागात काम करू लागले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत. त्यांनी मुलांच्या उशाशी रात्री काढून ओकारी, दरदरून घाम, थंड पडणारे हातपाय या खुणा टिपल्या, १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्या मांडल्या आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने ती मुले वाचवली. त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी वाचले असेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी मोठे आकडे न मोजता येणाऱ्या सुइणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया. दारातून वाचण्याचीच ही विद्या, फक्त दार झोपडीचे.

भाचा आता महिन्यातून एक रविवार गावातल्या आशाताईंना बोटाने त्वचा दाबायला आणि श्वास मोजायला शिकवतो. नोकरी कोठे धरायची, हे त्याने अजून ठरवलेले नाही. ताईने विचारणे सोडले आहे.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. पैठणकडच्या एका आजीने मुंबईत नातू आणला होता आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘लेकराची कळा गेली.’ बालपणापासून इंग्रजीत शिकलेल्या एका तरुण डॉक्टराने कागदावर लिहिले, वेदना थांबल्या. भाच्याने मुलाकडे पाहिले, मग कागदाकडे, आणि त्याला आत घेतले. मूल वाचले. आम्ही त्याला सांगितले, वेदना असत्या तर आजी ‘कळा गेल्या’ म्हणाली असती. क्रियापद एकवचनी आहे, म्हणजे ही तोंडावरची कळा, तेज. तो म्हणाला, ते ठीक, पण यादीत हा शब्द चर्येखाली घालू की रंगाखाली? आम्ही दोन्हीकडे घालायला सांगितले.