वन्समोअर आणि दुसरा भाग

चाहता म्हणजे फुकटातला मालक. ज्या गोष्टीवर त्यानं दमडी लावलेली नसते, तिच्या सातबाऱ्यावर त्यानं आपलं नाव केव्हाच चढवून घेतलेलं असतं. कथा, पात्रं, नायकाच्या टोपीचा रंग, सगळं त्याच्या मालकीचं. मग मूळ कर्त्यानं त्यात कुठे फेरफार केला, की हा हरकत घ्यायला हजर.

अशी हरकत मी पहिल्यांदा ऐकली ती साताऱ्यात, नव्वदच्या दशकात, पोवई नाक्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. चपला बाहेर काढायच्या, मॉनिटरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर घडी करून बाजूला ठेवायचं, सरांनी दिलेलं बेसिकचं काम उरकायचं आणि उरलेल्या वेळात डेव्ह खेळायचा. ‘डेंजरस डेव्ह’ हे त्याचं पूर्ण नाव. जॉन रोमेरो या अमेरिकन तरुणानं १९८८ मध्ये तो अ‍ॅपल टू संगणकासाठी लिहिला, १९९० मध्ये तो डॉसवर आला आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर कॉपी होत होत आमच्यापर्यंत पोचला. लाल टोपीचा डेव्ह, दहा लेव्हल. चषक घेतल्याशिवाय दार मिळायचं नाही. लेव्हल पार झाली की डेव्ह एका बोळातून टुकटुक चालत जायचा आणि पडद्यावर शाबासकी यायची, ‘गुड वर्क, ओन्ली नाइन मोअर टु गो’.

एका मशीनवर दोघं बसत. एकाकडे बाणांची बटणं, दुसऱ्याकडे कंट्रोल आणि आल्ट. कंट्रोलनं बंदूक उडायची, आल्टनं पाठीवरचं जेटपॅक सुरू व्हायचं. जेटपॅकमधलं इंधन संपत आलेलं असायचं, खाली आग, आणि आल्टवाल्याचं लक्ष दाराकडे, सर आले का म्हणून. डेव्ह मेला की त्याचं खापर कुणाच्या बोटावर फोडायचं, यावर क्लास सुटल्यावर राजपथाला लागेपर्यंत भांडण.

मे महिन्याच्या सुट्टीत एसटीनं कऱ्हाडमार्गे सांगलीला मावशीकडे गेलो, तेव्हा मावसभावानं मोठ्या ऐटीत दुसरा भाग दाखवला. ‘डेंजरस डेव्ह इन द हाँटेड मॅन्शन’, १९९१ चा. डेव्हच्या धाकट्या भावाला, डेल्बर्टला, भुताटकीच्या वाड्यात डांबून ठेवलंय आणि डेव्ह शॉटगन घेऊन त्याला सोडवायला निघालाय. चषक नाही, हिरे गोळा करत उड्या मारणं मागे पडलेलं. अंगावर चालून येणारी प्रेतं, रक्त, वर-खाली तिरकी झाडता येणारी बंदूक. मी फ्लॉपी कॉपी करून साताऱ्याला आणली. क्लासातल्या पोरांनी ती पाहिली आणि एकानं निकाल देऊन टाकला, “ह्यो डेव्ह न्हाईच, राव.”

मग क्लासात सरळ दोन तट पडले. जुन्या डेव्हवाल्यांचं म्हणणं, गोळ्या कुणीही घालेल, नेमकी उडी मारायला अक्कल लागते. वाड्यातल्या डेव्हवाल्यांचं म्हणणं, आरं, चित्रं तर बघ की! सांगलीचा मावसभाऊ दिवाळीला आला तो वाड्याचा वकील म्हणूनच. त्याचा एक मुद्दा कुणाला खोडता आला नाही. जुन्या खेळात डेव्ह पडद्याच्या कडेला पोचला की चित्र एकदम झटक्यानं पुढे सरके. नव्या खेळात डेव्ह चालेल तसतसं चित्र त्याच्याबरोबर अलगद सरकत होतं. ते कसं जमलं, हे तेव्हा आम्हां कुणाला ठाऊक नव्हतं.

ती हकिगत पुढे वाचायला मिळाली. १९९० च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट गावी, जॉन कारमॅक नावाच्या रोमेरोच्या सहकाऱ्याला साध्या पीसीवर चित्र अलगद सरकवण्याची युक्ती सापडली. टॉम हॉल या दुसऱ्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन त्यानं एका रात्रीत सुपर मारिओची पहिली लेव्हल पीसीवर जशीच्या तशी उतरवली आणि मारिओच्या जागी आपला डेव्ह उभा केला. प्रयोगाचं नाव थट्टेनं ठेवलं ‘डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट’. दुसऱ्या दिवशी रोमेरोनं ते पाहिलं आणि आता या नोकरीत आपलं भागणार नाही, हे त्याला कळून चुकलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी ‘इड सॉफ्टवेअर’ काढली. जुन्या मालकाशी ठरलेले खेळ पुरे करताना त्यांनी वाड्यातला डेव्ह लिहिला, आणि १९९३ मध्ये याच कंपनीनं ‘डूम’ आणला. शॉटगन आणि अंगावर येणारे राक्षस यांच्या जोरावर त्यानं सगळ्या धंद्याची दिशा बदलली.

आता साताऱ्यातल्या त्या भांडणाकडे पाहिलं की दिसतं, वाड्यातला डेव्ह हा जुन्या डेव्हचा पुढचा भाग कमी आणि डूमचा आधीचा भाग जास्त होता. आम्ही तो मागे तोंड करून पाहत होतो, लिहिणारे पुढे तोंड करून लिहीत होते. शिवाय ज्या जुन्या डेव्हच्या अस्सलपणासाठी आम्ही भांडत होतो, तो तरी कुठे स्वयंभू होता? रोमेरोनं तो मारिओ पाहूनच रचला होता.

खुद्द मारिओच्या घरी तरी काय वेगळं घडलं? १९८५ च्या पहिल्या खेळानंतर १९८६ मध्ये जपानात दुसरा भाग आला तो पहिल्यासारखाच, फक्त महाकठीण. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेला तो आपल्या गिऱ्हाइकांच्या गळी उतरेलसं वाटेना. मग ‘डोकी डोकी पॅनिक’ या वेगळ्याच खेळातली पात्रं काढून तिथं मारिओ आणि मंडळी बसवली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तोच ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला. शत्रूच्या डोक्यावर उडी मारायची सोडून हा मारिओ भाज्या उपटून फेकतो! हा मारिओच नव्हे, ही ओरड अजून मिटलेली नाही. पण त्यातली शाय गाय, बर्डो ही पात्रं पुढे मारिओच्या कुळातच नांदली.

आधीचं सोडून पुढचं रचणं सांगलीकरांना काही नवं वाटू नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं ते याच गावात. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी आपापली भाषणं करायची. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं आणि पात्रं स्वतःच गाऊ लागली. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल, सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे. त्यांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ लिहिलं, तेव्हा देवादिकांच्या रंगमंचावर म्हाताऱ्याशी लग्न लावली जाणारी गरीब घरची पोर उभी राहिली. यातलं प्रत्येक पाऊल आधीच्या नाटकाला सोडून टाकलेलं होतं. आज आपण त्या सगळ्याला मिळून एकच नाव देतो, मराठी रंगभूमी, आणि तिचा दिन ५ नोव्हेंबरलाच साजरा करतो.

त्याच संगीत नाटकानं आपल्याला वन्समोअर दिला. आवडलेलं पद पुन्हा ऐकायचं, तिथंच, त्याच रात्री. मागणी रास्त असते आणि चांगला गायक ती पुरवतो, फार तर तान बदलतो. पण वन्समोअर चालू असतो तोवर नाटक जागच्या जागी उभं असतं. प्रत्येक पदाला प्रत्येकाचा वन्समोअर पुरवायचा म्हटलं तर पहाट झाली तरी अंक संपायचा नाही. दुसरा भाग मागणाऱ्या चाहत्याची अडचण मला इथं दिसते. तोंडानं तो पुढचा भाग मागतो, मनात त्याला वन्समोअर हवा असतो. पहिल्यांदा डेव्ह खेळताना झालेला आनंद त्याला परत हवा असतो, आणि तो काही खेळ लिहिणाऱ्याच्या हातचा नाही. त्यातला अर्धा वाटा बारा वर्षांच्या वयाचा, शेजारी बसलेल्या आल्टवाल्याचा आणि दाराशी येणाऱ्या सरांच्या धाकाचा होता.

डेव्हला वन्समोअर मिळालासुद्धा. १९९३ मध्ये त्याचे आणखी दोन भाग निघाले, त्यांत रोमेरो नव्हता. बंदूक, उड्या, सगळं ओळखीचं. त्यांच्यावरून आमच्या क्लासात कुणी कुणाशी भांडल्याचं मला आठवत नाही. भांडण झालं ते बदललेल्या डेव्हवरून, आणि लक्षातही तोच राहिला.

हल्ली सांगलीला गेलो की विश्रामबागेत मावसभावाच्या मुलाचा खेळ पाहत बसतो. त्याच्या लॅपटॉपवर ‘राजी’ होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आणलेला हा खेळ. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधत फिरणारी मुलगी, हाती त्रिशूळ, भिंतींवरून उड्या, आणि मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितलेल्या. भाव्यांनी लाकडी बाहुल्या घडवल्या त्या गावात हे पाहताना मला उगीचच भरून आलं. पोराचं मात्र डोकं फिरलं होतं. चित्रांवर तो खूश, मारामारीवर नाराज, आणि गोष्ट अधांतरी सोडून खेळ संपला यावर तर चिडलेलाच. “काका, असं कुठं संपवत्यात व्हय?” या खेळाबद्दल जगभरच्या खेळाडूंची तक्रार जवळपास हीच होती. पुढचा भाग कसा हवा, असं मी विचारलं. तो म्हणाला, “सेम असाच, पण भारी.” मावसभाऊ माझ्याकडे बघून हसला. वाड्याच्या वकिलाच्या पोटी जुन्या डेव्हवाला जन्माला आला होता.

चाहत्यानं गप्प बसावं, असं माझं म्हणणं नाही. भांडणारा चाहता आहे म्हणून खेळाला, नाटकाला, सिनेमाला जीव आहे. दुसरा भाग कंटाळवाणा असेल, आळसानं केलेला असेल, नुसत्या नावावर गल्ला भरायला काढलेला असेल, तर खुशाल झोडपा. पण ‘पहिल्यासारखा नाही’ एवढंच कलम लावून त्याला गुन्हेगार ठरवू नका. पहिला भाग कुठे गेलेला नाही. ज्याला वन्समोअर हवा, त्यानं तो पुन्हा लावावा. दुसरा भाग आधी शेवटच्या लेव्हलपर्यंत खेळून पाहावा आणि मग काय तो निकाल द्यावा.