लाल झेंडी

पहिला कॅमेरा मी रूपावर भाळून घेतला. बटण दाबताच त्याचे भिंग सर्रकन बाहेर येई. मैत्रिणींवर छाप पडे. तीन महिन्यांनी ते बाहेर आले ते आत जाईचना. दुरुस्तीवाल्याने उलटसुलट करून परत दिला. "याची सर्किटं आता कुठे मिळायची, ताई?" त्याने अंधारात काढून दिलेल्या अर्ध्या रोलवर दिवाळीतली आजी होती. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज विरघळून डांबरासारखा झाला होता. तिथून शिरलेल्या उजेडाने आजीच्या चेहऱ्यावर नारिंगी पट्टे ओढले होते. पुढच्या दिवाळीला आजी नव्हती.

म्हणून दुसरा कॅमेरा घेताना मी बाजारात भाजी निवडणाऱ्या बाईसारखी चिकट झाले. पुण्याचा मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी अन् रविवारी भरतो. तिथे चार रविवार नुसती हिंडले. कॅनोनेट आवडला होता. पण त्याच्यासाठी योजलेले १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत, पर्याय शोधत बसावे लागते. अखेर हात थांबला तो ऑलिंपस ट्रिप ३५ वर. १९६७ ते १९८४ पर्यंत निघालेला हा कॅमेरा. याला सेलच लागत नाही! भिंगाभोवती खडबडीत काचेचे कडे असते, त्यामागचे सेलेनियम उजेडावर वीज निर्माण करते आणि तिच्यावर आतला काटा हलतो.

परीक्षाही सोपी. कडे 'ए'वर ठेवून चावी फिरवायची, भिंगावर तळहात झाकायचा आणि बटण दाबायचे. डोळ्याच्या खिडकीत लाल झेंडी वर यायला हवी आणि बटण अडायला हवे. मग आकाशाकडे धरले की खट्‌कन आवाज! उजेडातही झेंडीच येत राहिली तर सेलेनियम गेले समजावे. विक्रेत्याने पुढे केलेल्या पहिल्या दोन नगांत तेच. "चालतो की मॅडम," तो म्हणत होता. चालत नव्हता. तिसऱ्याची झेंडी आज्ञाधारक निघाली. भिंग तिरपे धरून पाहिले. बुरशीचे कोळिष्टक नव्हते. आतली दोन पाती तेलकट होऊन चिकटलेली नव्हती. स्पंज मात्र इथेही गेलेला. पण आता मला त्याचे भय नव्हते. घरी जुना खरवडून खाचेत काळी लोकर बसवली. (आजीच्याच विणकामाच्या पिशवीतली.)

शिष्यवृत्तीतले तीन हजार गेले. आईने आठवडाभर अबोला धरला, ते असो.

रोल भरून थेट गावी गेले. आजोबा माजघरात बसले होते, आजीच्या कॉटशेजारी. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबले. लाल झेंडी.

"आजोबा, जरा अंगणात येता?"

"इथंच काढ की."

"इथं तो काढायला नाही म्हणतोय."

ते काठी टेकत उठले आणि उंबऱ्यापाशी थांबून म्हणाले, "टोपी घालू का?"