ताईच्या डब्यातल्या न घेतलेल्या गोळ्या

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. चहा होईपर्यंत सहज तिचा औषधांचा डबा उघडला. लेट्रोझोलच्या तीन स्ट्रिप्स तशाच. एकही गोळी काढलेली नाही.

"ताई, हे काय गं?"

"ती महागाची गोळी आपल्याला परवडत नाही. मग ही स्वस्तातली खाऊन काय होणार?"

मला काय बोलावं सुचेना.

गेल्या वर्षी ताईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. काखेतल्या पाच गाठींत आजार सापडला. केमो झाली, रेडिएशन झालं. तिचा कर्करोग हार्मोनवर वाढणारा, म्हणून पुढची काही वर्षं रोज एक लेट्रोझोल. डॉक्टर म्हणाले, गाठी जास्त आहेत, सोबत दोन वर्षं अबेमासिक्लिब घेतली तर चांगलं. मेडिकलमध्ये भाव विचारला, तर महिन्याचा खर्च भावोजींच्या पगाराच्या वर. घरात गावाकडचे दोन गुंठे विकायची भाषा सुरू झाली. ताईने ती ऐकली आणि मनाशी काय ते ठरवून टाकलं.

डॉक्टरांना पुन्हा भेटलो, थोडं वाचलं आणि मग ताईला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

अबेमासिक्लिबची मोठी चाचणी झाली, 5,600 हून जास्त रुग्णांवर. सगळे ताईसारखे, आजार परतण्याचा धोका जास्त असलेले. नुसतं हार्मोनचं औषध घेणाऱ्यांत पाच वर्षांनी 100 पैकी 76 जण आजार न परतता जगत होते. नव्या गोळीची जोड मिळालेल्यांत सुमारे 84. म्हणजे फायदा खरा आहे, 100 मागे सात-आठ जणांचा. पण ते 76 जण ऑपरेशन, केमो आणि रोजच्या त्या स्वस्त गोळीच्या जोरावरच उभे होते ना! नवी गोळी ही जोड आहे, जुनीच्या बदल्यात नाही. शिवाय जुलाबाचा त्रास बहुतेकांना होतो. आणि गाठ लहान, काख स्वच्छ असेल, तर साधारणपणे ती लागतही नाही.

आणखी एक. एका दुकानदाराने सुचवलं, "त्याच जातीतली पालबोसिक्लिब घ्या, स्वस्त झालीय." 2023 मध्ये तिचं पेटंट संपलं आणि भाव उतरले, हे खरं. पण ती पसरलेल्या कर्करोगात चालते. ताईच्या टप्प्यावर दोन मोठ्या चाचण्यांत तिचा फायदा दिसलेला नाही. डॉक्टरांना न विचारता अशी अदलाबदल करू नका.

आता पैशाचं. 2022 मध्ये केरळातल्या एका रुग्ण महिलेने याच जातीतल्या रायबोसिक्लिबसाठी हायकोर्टात धाव घेतली होती. महिन्याला 58,140 रुपये. इतर कंपन्यांनाही ती बनवू द्या, एवढीच मागणी. निकालाआधीच ती बाई गेली. कोर्टाने मग ते प्रकरण स्वतःहून पुढे चालवलं.

भाव खाली येऊ शकतात, हे आपल्या दारातल्या लोकांनीच दाखवलंय. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक टाटा मेमोरियलचं, आपल्याच पनवेल महापालिकेच्या हद्दीत. टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या हॉस्पिटलांसाठी 40 औषधांची एकत्र बोली केली, तर भाव 23 ते 99 टक्क्यांनी उतरले. हीच ताकद या नव्या गोळ्यांच्या मागे लागली पाहिजे. विमानतळावर तासभर भाषणं करणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हेही एकदा विचारू या.

ताईने लेट्रोझोल परत सुरू केली. दुसऱ्या गोळीसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवकांकडे अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. गुंठ्यांचं अजून ठरलेलं नाही.

तुमच्या घरात कुणी ही रोजची गोळी घेत असेल, तर आज एकदा डबा उघडून बघा. रागावू नका. फक्त विचारा.