गुण पायरीला असतात

माझी आई गणिताची शिक्षिका होती. चाचणी परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घरी आले की जेवणं उरकल्यावर ती ते घेऊन बसायची. उत्तर चुकलं म्हणून शेवटच्या ओळीवर फुली मारून ती कधी पुढे गेली नाही. गणित वरून खाली वाचत यायची आणि जिथं हातचा विसरला असेल, उण्याचं अधिक झालं असेल, नेमकं तिथं लाल टिंब द्यायची. टिंबाच्या वरच्या पायऱ्यांचे गुण त्या मुलाला मिळायचेच. "वार्षिक परीक्षेत चुकू नये म्हणून तर चाचणी घ्यायची," असं तिचं म्हणणं होतं.

पुढे माझंही आयुष्य चाचण्यांतच गेलं. त्या उड्डाणाच्या चाचण्या होत्या. हवेतल्या यंत्राकडून रेडिओलहरींवरून जमिनीवर येणारी माहिती, म्हणजे टेलिमेट्री, वाचणं हे माझं काम. 'निर्भय' या लांब पल्ल्याच्या क्रूझ क्षेपणास्त्राच्या टीममध्ये मी नव्हते. त्याच्या चाचण्यांबद्दल मी तुमच्यासारखंच वर्तमानपत्रांतून वाचलं. पण 'चाचणी अपयशी' असा मथळा दिसला की मला वाटायचं, कितव्या पायरीपर्यंत गणित बरोबर होतं, हे कुणी सांगेल का?

क्षेपणास्त्र म्हटलं की आगीचा लोळ सोडत आकाशात झेपावणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. क्रूझ क्षेपणास्त्राची सुरुवात तेवढी तशी असते. नंतर ते बिनवैमानिकाच्या छोट्या विमानासारखं उडतं. डीआरडीओच्या बंगळुरूमधल्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटनं विकसित केलेलं निर्भय साधारण सहा मीटर लांब, दीड टन वजनाचं आणि सुमारे १,००० किलोमीटर पल्ल्याचं. वेग ध्वनीच्या साधारण ०.७ पट, म्हणजे ताशी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. प्रवासी जेट विमानंही जवळपास याच वेगानं जातात.

ब्रह्मोस ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगानं जात असताना हे सावकाश क्षेपणास्त्र कशाला, असं मला व्याख्यानांनंतर हमखास विचारतात. उत्तर इंधनात आहे. रॉकेटला जळणासाठी लागणारा ऑक्सिजन सोबत वाहून न्यावा लागतो. एक किलो केरोसीन पूर्ण जळायला जवळपास साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. टर्बोफॅन इंजिन तो वाटेतल्या हवेतून घेतं, आणि ध्वनीपेक्षा कमी वेगात हे इंजिन फार काटकसरीनं चालतं. म्हणून एवढ्याशा देहात हजार किलोमीटरचा प्रवास मावतो. वेगानं जे संरक्षण मिळालं असतं ते मग उंचीतून मिळवायचं. इतकं खालून जायचं की शत्रूच्या रडारला ते क्षितिजाआड राहावं.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते उडवून दाखवायचं तर एकापुढे एक पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी बूस्टरची. घन इंधनाचं रॉकेट क्षेपणास्त्राला सरळ वर उचलतं, मग ते आडवं वळतं. काम झालं की बूस्टर सुटून पडायला हवं, घडी घातलेले पंख उघडायला हवेत आणि इंजिन सुरू व्हायला हवं. हे सगळं काही सेकंदांत, ठरलेल्या क्रमानं. एक पंख दुसऱ्यापेक्षा किंचित उशिरा उघडला तरी अंग एका कुशीवर वळायला लागतं आणि ते सावरायला शेपटीकडच्या हलत्या पात्यांना धावपळ करावी लागते.

दुसरी पायरी उंचीची. विमानं हवेच्या दाबावरून उंची ओळखतात. समुद्रसपाटीजवळ आठ-साडेआठ मीटर वर गेलं की दाब साधारण एक मिलिबार कमी होतो. म्हणजे लाटांवरून वीस मीटरवर उडताना सगळी उंची दोन-अडीच मिलिबारांत आली, आणि हजार किलोमीटरच्या प्रवासात नुसत्या हवामानामुळे दाब याहून जास्त बदलू शकतो. त्या मोजमापावर विसंबलं तर क्षेपणास्त्र थेट पाण्यात शिरेल. म्हणून खाली रेडिओलहर सोडून, तिचा पडसाद परत यायला किती वेळ लागला त्यावरून खरी उंची क्षणोक्षणी मोजतात.

तिसरी पायरी दिशेची. आतले जायरोस्कोप आणि प्रवेगमापक बाहेरचं काहीही न बघता 'आपण कुठं आहोत' याचा हिशेब ठेवतात. पण तासाला अंशाच्या शंभराव्या भागाइतकी चूक करणारा उत्तम जायरोसुद्धा तासाभरानं दीड-दोन किलोमीटर चुकीचं ठिकाण सांगू शकतो. ती चूक वाटेत उपग्रहांच्या संकेतांवरून सुधारत राहावी लागते. हे शस्त्र आहे, हे मी कधी विसरले नाही. दोन किलोमीटरच्या चुकीत कुणाचं तरी अख्खं गाव असतं. अचूकपणा ही शस्त्र बनवणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, असं मी मानते.

आणि ज्या गुणासाठी हे सगळं करायचं, तोच गुण चाचणी घेणाऱ्याच्या आड येतो. किनाऱ्यावर पंचवीस मीटर उंच अँटेना उभारली, तरी वीस मीटरवरून उडणारं यंत्र चाळीस किलोमीटरच्या आसपास क्षितिजाखाली जातं. शत्रूला दिसत नाही, तसं आपल्यालाही दिसत नाही. म्हणून किनाऱ्यावर ठिकठिकाणी रडार, दुर्बिणींचे कॅमेरे आणि टेलिमेट्रीची केंद्रं मांडावी लागतात, शिवाय विमानंही सोबतीला लागतात. एप्रिल २०२४ मध्ये निर्भयच्याच घराण्यातल्या क्षेपणास्त्राच्या चाचणीत हवाई दलाचं सुखोई-३० एमकेआय विमान त्याच्यावर नजर ठेवून होतं.

या चाचण्या ओडिशातल्या चांदीपूरला होतात. १२ मार्च २०१३ ला निर्भय पहिल्यांदा तिथून उडालं, पण मार्गावरून ढळल्यानं उड्डाण मध्येच संपवावं लागलं. १७ ऑक्टोबर २०१४ ला ते तासाभराहून अधिक उडत हजार किलोमीटरपलीकडे गेलं. मग २०१५ आणि २०१६, दोन्ही उड्डाणं अर्ध्यावर संपली. ७ नोव्हेंबर २०१७ ला सुमारे ५० मिनिटांत ६४७ किलोमीटर. एप्रिल २०१९ ला पुन्हा यश, तेही अगदी कमी उंचीवरून. ऑक्टोबर २०२० ला आठ मिनिटांत थांबवावं लागलं. मथळ्यांत ही नुसती पास-नापासची यादी दिसते. मला त्यात लाल टिंब पायरीपायरीनं खाली सरकताना दिसतं.

ते टिंब शोधणं म्हणजे काय, हे मी एकदा फार जवळून पाहिलं. मी नवखी होते. एक छोटं बिनवैमानिकाचं विमान आम्ही उडवत होतो. एका चाचणीत ते अचानक उजवीकडे कलंडलं आणि माळावर पडलं. जायरोचं मोजमाप वेडंवाकडं झालं होतं, म्हणून सगळ्यांनी जायरोला दोष दिला. मी आणि माझे वरिष्ठ तीन आठवडे आलेखांच्या लांबच लांब कागदी पट्ट्यांवर ओणवे होतो. ते पुन्हा पुन्हा एकच विचारायचे, "आधी काय झालं?" शेवटी दिसलं. जायरो बिघडण्याच्या चाळीस मिलिसेकंद आधी विजेचा दाब अर्ध्या व्होल्टनं खाली आला होता. अवशेषांतून आम्ही वायरीचा जोड शोधून काढला. पिन जागेवर बसल्यासारखी दिसत होती, पण तिची खीळ अडकलेली नव्हती. बसताना होणारा बारीकसा 'टक्' आवाज कुणी ऐकलाच नव्हता. त्यानंतर आमच्याकडे दोन माणसांनी तो आवाज ऐकल्याशिवाय तपासणीच्या तक्त्यावर सही होत नसे. जायरो बदलून मोकळे झालो असतो, तर पुढचं विमानही तसंच पडलं असतं.

निर्भयच्या सुरुवातीच्या उड्डाणांत इंजिन परदेशी होतं. १८ एप्रिल २०२४ ला त्याच घराण्यातलं क्षेपणास्त्र बंगळुरूमध्येच घडलेल्या 'माणिक' या छोट्या टर्बोफॅन इंजिनावर उडालं आणि ठरलेल्या बिंदूंवरून वळणं घेत गेलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला जमिनीवरच्या लक्ष्यासाठीचं लांब पल्ल्याचं नवं क्रूझ क्षेपणास्त्र फिरत्या वाहनावरून पहिल्यांदा उडालं. वेगवेगळ्या उंचींवर, वेगवेगळ्या वेगांनी ते वळलं आणि सगळ्या उपप्रणाल्यांनी चोख काम केलं. पहिल्याच उड्डाणात! मथळे आनंदाचे होते. मला मात्र २०१३, २०१५, २०१६ आणि २०२० आठवले. त्या चार दिवसांच्या सायंकाळी बातमी संपल्यावर कागद पसरून बसलेली, 'आधी काय झालं' असं एकमेकांना विचारणारी माणसं डोळ्यांसमोर आली. त्यांची नावं कुठल्या मथळ्यात नव्हती. या यशात त्यांच्या पायऱ्यांचे गुण आहेत.

आई गेल्यावर तिच्या कपाटात एक जुनी वही सापडली. एका विद्यार्थ्याचं गणित, अर्ध्या पानावर लाल टिंब, आणि समासात तिच्या अक्षरात लिहिलेलं: 'इथपर्यंत छान. इथून पुन्हा करून बघ.'