पाच मिलिमीटर

शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन. "बाबांचा रिपोर्ट आलाय. ४.६ लिहिलंय. गेल्या वर्षी ४.१ होतं ना रे?"

झालं! वीकेंडची वाट.

बाबांच्या पोटातली महाधमनी एका जागी फुगलीये. एरवी ही नळी साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ३ किंवा जास्त झाली की तिला अॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांमध्ये साधारण ५.५ ला ऑपरेशनचा विचार होतो, तोवर मोजत राहायचं. फुटली तर बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत.

मी काय केलं? एक्सेल उघडलं. दोन बिंदू, एक रेघ. दोन वर्षांत ५.६! रात्रभर झोप नाही.

शनिवारी सकाळी नाशिक गाठलं. बाबांचा जन्म वर्कशॉपमध्ये लेथवर गेलेला. माझी रेघ चष्म्यावरून बघत म्हणाले, "दोन्ही वेळा व्हर्नियर एकच होता का?"

रिपोर्ट नीट वाचले. गेल्या वर्षी सोनोग्राफी, यंदा सीटी स्कॅन. च्यायला! रोज ऑफिसात दुसऱ्यांना सांगतो की वेगवेगळ्या मशिनवरचे आकडे थेट ताडून बघू नका, आणि इथे मी स्वतःच...

दुपारी सर्जननी दोन्ही फिल्म्स समोर ठेवल्या. सोनोग्राफीत भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजलं होतं, सीटीत बाहेरून बाहेर. काही मिलिमीटर तिथेच गेले. वयानुसार ही नळी वाकडी होते, त्यामुळे सीटीचा आडवा काप तिला तिरका छेदतो. काकडी तिरकी कापली की चकती लांबट येते, तसंच. शिवाय नळी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते, आणि मोजणारा हात बदलला तरी फरक पडतो.

त्यांनी सीटीवर नळीला काटकोनात परत मोजलं : ४.४. जुन्याच सेंटरला सोनोग्राफी करून घेतली : ४.३.

"म्हणजे दोनच मिलिमीटर वाढलं?" मी.

"एवढा फरक मोजण्यातही पडू शकतो. सहा महिन्यांनी परत, इथेच, याच पद्धतीने. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढ नेहमीची. खरोखर एक सेंटीमीटर वाढलं तर ५.५ ची वाट बघायची नाही. आणि पोटात किंवा पाठीत अचानक जोरात दुखलं तर रिपोर्ट शोधत बसू नका, सरळ इमर्जन्सीत या."

मग बाबांकडे वळून म्हणाले, "काका, सिगरेट बंद. तिने हे लवकर वाढतं."

घरी येताना बाबांनी न बोलता खिशातलं पाकीट माझ्या हातात दिलं. आईला सांगू नको म्हणाले. तिला पाकिटाचं पहिल्यापासून माहीत होतं, ही गोष्ट वेगळी. असो.

एक्सेलमधली रेघ मी पुसून टाकली. त्याऐवजी तीन कॉलम वाढवले : कुठलं मशिन, कुठल्या कडेपासून, कोणी मोजलं. भीती गेली असं नाही. पण आता निदान खऱ्या आकड्याला घाबरेन.